करचोरीला गरिबाचं नाव लागतं

प्रश्न विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "प्राप्तिकर श्रीमंत आणि मध्यमवर्गीय भरतात, गरीब त्या जाळ्यात येतच नाही. मग करचोरीने गरिबी वाढते, मानवी हक्कांचं उल्लंघन होतं, हे ताणून आणलेलं नाही का? आणि तिजोरीत आलेला पैसा तरी गरिबापर्यंत कुठे पोचतो?"

मी नागपूरच्या इतवारीत २७ वर्षं सीए म्हणून काम करते. व्यापाऱ्यांच्या वह्या बघण्यातच केस पांढरे झाले म्हणा ना. तुमच्यासारखाच विचार मीही पुष्कळ वर्षं करत होते: चोरी सरकारची, भांडण सरकार आणि चोराचं, गरिबाचा त्यात काय संबंध? माझं मत बदललं ते एका पोळ्या करणाऱ्या बाईमुळे.

त्या पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत राहतात, चार घरी पोळ्या लाटतात. किराण्याच्या पिशवीत एक लिफाफा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. आत जीएसटीची नोटीस. त्यांच्या नावावर लोखंडी भंगाराची फर्म, उलाढाल ११ कोटी रुपये. त्यावर १८ टक्क्यांनी १ कोटी ९८ लाख कर, वर व्याज, शिवाय कराएवढाच दंड.

"मॅडम, मी तं लोनसाठी कागद देल्ले होते जी," त्या म्हणाल्या. "मले तं भंगारवालाई माहीत नाई."

झालं असं होतं. वस्तीत एक पोरगा आला. बायांना ५० हजारांचं कर्ज काढून देतो म्हणाला. आधार, पॅन, लाइटबिल, फोटो घेतला, मोबाइलवर आलेले आकडे विचारून घेतले. कर्ज आलं नाही आणि पोरगाही पुन्हा दिसला नाही. कागद मात्र जीएसटीच्या नोंदणीपर्यंत पोचले. नोंदणीवर पत्ता होता नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोदामाचा. मी स्वतः जाऊन आले. तिथे ट्रकचे जुने टायर रचलेले होते, चौकीदाराने त्या फर्मचं नावही ऐकलेलं नव्हतं.

अशी फर्म कशासाठी काढतात, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. एखादा कारखानदार कबाड्याकडून भंगार रोखीने, बिलाशिवाय घेतो. माल खराच आला, पण कागद नाही. मग तो बिल विकणाऱ्याकडे जातो. १ कोटीच्या मालाचं बिल घेतलं की त्यावर १८ लाखांचा कर भरल्याचं दिसतं आणि तेवढं क्रेडिट त्याला आपल्या देण्यातून वजा करता येतं. पैसे बँकेतून फर्मला पाठवायचे, कमिशन कापून रोख परत घ्यायची. बिल देणारी फर्म कर भरतच नाही, काही महिन्यांत गायब होते. म्हणजे तिजोरीत जो कर कधी आलाच नाही, तो तिजोरीतूनच वळता होतो. मे ते जुलै २०२३ मध्ये देशभर खास मोहीम निघाली तेव्हा नोंदणी असलेल्या पण जागेवर अस्तित्वातच नसलेल्या २१,७९१ फर्म सापडल्या आणि २४,०१० कोटींच्या करचोरीचा संशय नोंदवला गेला. ही फक्त दोन महिन्यांची झडती.

आता विचार करा, अशा हजारो फर्म कुणाच्या नावावर असतात? व्यापारी स्वतःच्या किंवा मेहुण्याच्या नावावर काढत नाही. त्याला असं नाव लागतं, ज्याला नोटीस वाचता येणार नाही, ज्याच्याकडे वकील नाही. चौकशी सुरू होते तेव्हा बिल वापरणारा दूर असतो, बिल विकणारा आणखी दूर. समोर उभं असतं ते पोळ्या करणाऱ्या बाईचं नाव.

त्यांचं बँक खातं गोठवलं गेलं. त्याच खात्यात लाडकी बहीणचे महिन्याचे १,५०० रुपये येत. आणि कायद्याने दाद मागायची म्हटलं तर? जीएसटीच्या आदेशाविरुद्ध अपील करायचं तर वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे १९ लाख ८० हजार. चार घरच्या पोळ्यांचे त्यांना महिन्याला ९ हजार मिळत. १८ वर्षांची कमाई न खाता-पिता ठेवली, तर त्यांना "माझी चूक नाही" एवढं म्हणायचा हक्क मिळणार होता. ही तरतूद मोठ्या करदात्यांनी अपिलं करून वेळ काढू नये म्हणून आहे, हे मला माहीत आहे. पण ती लागते सगळ्यांना सारखीच.

आदेश निघण्याआधी त्या आल्या, एवढं नशीब. पोलिसांत तक्रार दिली, नोंदणीला जोडलेला मोबाइल नंबर त्यांचा नाही हे दाखवलं, फर्मचं बँक खातं कुणी चालवलं याचा माग मागितला. १४ महिन्यांनी त्यांचं खातं सुटलं. तोवर कार्यालयांत खेटे घालण्यात दोन घरांचं काम गेलेलं होतं.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. तिच्यात गरिबाचं नाव वापरलं जात नाही, पुसलं जातं.

एका कारखान्यातल्या प्रेसमशीनखाली एका मुलाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याचा भाऊ माझ्याकडे आला. त्याला वाटलं, सीए म्हणजे कागद काढून देणारी बाई. त्याला एकच कागद हवा होता: आपला भाऊ त्या कारखान्यात कामाला होता, एवढं लिहिलेला. तो कागद कुठेच नव्हता.

का नव्हता, ते हिशेबाच्या बाजूने सांगते. जो कारखानदार निम्मा माल कच्च्यात, म्हणजे बिलाशिवाय विकतो, त्याला निम्मी खरेदीही लपवावी लागते. खरेदी लपवली की उत्पादन लपवावं लागतं, आणि उत्पादन लपवलं की ते करणारी माणसं लपवावी लागतात. २० कामगारांत ४० माणसांचा माल निघाला तर कुणीही तपासणारा विचारेल. म्हणून हजेरीच्या दोन वह्या असतात. पक्क्या वहीत २०, कच्च्या वहीत उरलेले. विक्रीवरचा कर चुकवण्याच्या नादात कच्च्या वहीतली २० माणसं भविष्यनिर्वाह निधीतून, राज्य विम्यातून आणि किमान वेतनाच्या रजिस्टरातून आपोआप गळतात. हे मी एका कारखान्याच्या नाही, पुष्कळ वह्यांच्या अनुभवावरून सांगते आहे. विक्री कच्ची असते तिथे मजूर कच्चाच असतो.

त्या मुलाचा पगार १४ हजार होता. कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता किती झाला असता? त्याच्याकडून ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये, आणि मालकाकडून ३.२५ टक्के, म्हणजे ४५५. एवढ्यात दवाखाना, कामावर जाता न आलेल्या दिवसांचा भत्ता आणि अपंगत्वाचं मासिक निवृत्तिवेतन मिळालं असतं. विम्यात नाव नसलं तरी तेव्हा भरपाईचा १९२३ चा कायदा होता, पण तिथे नोकरी सिद्ध करावी लागे. त्याच्या मोबाइलमध्ये मुनीमाचा "उद्या लवकर ये" असा एक मेसेज होता. तेवढ्यावर वकिलाने तडजोड करून ६० हजार मिळवले. तो मुलगा तेव्हा २२ वर्षांचा होता.

करचोरीचा हिशेब मांडताना आपण बुडालेला कर मोजतो. या पोराची बोटं त्या हिशेबात कधी येत नाहीत.

आता आपल्या गावाचा विषय, सुपारी. नागपुरात खर्रा काय आहे हे नागपूरकराला सांगायला नको. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटायचं आणि दिवसभर गालात धरायचं. रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर, हमाल, भूक मारायला म्हणूनही खातात. सुपारीच्या आयातीवर १०० टक्के शुल्क आहे, आपल्या शेतकऱ्याला, म्हणजे श्रीवर्धनच्या बागाईतदारापासून कर्नाटकापर्यंतच्या उत्पादकाला संरक्षण म्हणून. मग चोरी कशी होते? इंडोनेशियाची सुपारी शेजारच्या सार्क देशातली म्हणून दाखवायची, मूळ देशाचा खोटा दाखला जोडायचा आणि सवलत घ्यायची. नाहीतर ईशान्येच्या सीमेवरून आडवाटेने आणायची. हा व्यवहार मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेतून आला आणि त्यातून सीबीआय आणि ईडीचे तपास सुरू झाले. आरोप होते, ते शुल्क बुडवल्याचे आणि सडकी सुपारी गंधकाची धुरी देऊन चकचकीत करून विकल्याचे.

या एका व्यवहारात किती जणांचं काय काय जातं, पाहा. कोकणातल्या बागाईतदाराचा भाव पडतो. सरकारचं शुल्क बुडतं. चोरीच्या मालाला अन्नसुरक्षेची तपासणी लागत नाही, तेव्हा काहीही खपतं. सुपारी कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. आणि तोंड उघडेनासं झालं की तोच मजूर सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहतो, ज्याच्या औषधांसाठी त्या बुडालेल्या शुल्काचा उपयोग झाला असता. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर या धंद्यातला बराच माल बिलाशिवायच फिरतो, आणि रोखीच्या त्या पैशाची वाट शेवटी हवालाकडेच जाते.

तुमचं पहिलं गृहीतक, गरीब कर भरत नाही, हेही बरोबर नाही. प्राप्तिकर भरत नाही, एवढंच. अंगाच्या साबणावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, तो आता ५ आहे. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के आहेच. पोळ्या करणाऱ्या बाई आणि रामदासपेठेतला डॉक्टर एकाच दराने रिचार्जवरचा कर देतात, पण बाईंच्या ९ हजारांतून तो किती जड जातो, हे वेगळं सांगायला नको. आणि गंमत वाटू नये अशी गोष्ट म्हणजे, साबण घेताना त्यांनी दिलेला कर हातोहात चोरता येत नाही. तो दुकानदाराने वसूल केलेला असतो. चोरी होते ती मधल्या साखळीत. सरकारला महसूल कमी पडला की सर्वात सोपा मार्ग असतो न चुकवता येणाऱ्या करांकडे वळण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या मॅकडॉवेल प्रकरणात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या लेखणीतून हेच सांगितलंय: कर चुकवणाऱ्यांचा बोजा सरळमार्गी माणसाच्या खांद्यावर सरकतो. विधी शाखेचे आहात, तो निकाल मुळातून वाचाच. पुढे कायदेशीर करनियोजन आणि करटाळणी यांतली सीमा न्यायालयाने पुन्हा पुन्हा आखली. २००३ मध्ये मॉरिशसबरोबरच्या करविषयक कराराच्या प्रकरणात तर बरीच सैल केली. पण चिन्नप्पा रेड्डींनी दाखवलेलं सामाजिक नुकसान खोटं ठरलेलं नाही.

देशाबाहेर जाणारा पैसा याहून वेगळा वाटतो, पण युक्ती तीच, बिल खोटं. समजा नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतून १०० डॉलरचा माल निघाला. जहाज थेट ग्राहकाच्या देशात जातं. बिल मात्र आधी ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या एका कंपनीच्या नावे ७० डॉलरचं फाटतं, आणि ती कंपनी पुढे १०० चं बिल देते. मधले ३० डॉलर जिथे कर नाही तिथे राहतात. त्या कंपनीचं ऑफिस म्हणजे एका वकिलाच्या कपाटातली फाइल. अशा लाखो फायली २०१६ मध्ये पनामा पेपर्समधून बाहेर आल्या, म्हणून जगाला त्या दिसल्या.

आयातीत उलट करतात, किंमत फुगवतात. महसूल गुप्तचर संचालनालयाने २०१६ मध्ये इंडोनेशियन कोळशाबद्दल देशभरच्या सीमाशुल्क कार्यालयांना सावध केलं होतं. सुमारे ४० आयातदारांवर संशय होता. आरोप असा की कोळसा थेट भारतात येतो, बिलं मात्र तिसऱ्या देशांतून चढ्या भावाची येतात. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि प्रकरणं वर्षानुवर्षं न्यायालयांत फिरत राहिली, त्यामुळे कोण दोषी यावर मी बोलणार नाही. पण यंत्रणा समजून घ्या. इंधन महागलं की विजेचा खर्च वाढतो आणि तो ग्राहकाकडे येतो. तुमच्या वीजबिलावर "इंधन समायोजन आकार" अशी ओळ असते, ती आज काढून बघा. कोळशाच्या बिलात कुणी खोटा आकडा लिहिला, तर तो शेवटी अशा ओळीतून घराघरात उतरू शकतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख ज्यांच्या कौलांवर पडते, त्यांच्याही.

आफ्रिकेचं चित्र याहून भीषण आहे. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१५ मध्ये सांगितलं, की त्या खंडातून दरवर्षी ५० अब्ज डॉलरहून अधिक पैसा अवैध मार्गांनी बाहेर जातो, आणि त्याचा सर्वात मोठा वाटा गुन्हेगारी टोळ्यांचा किंवा लाचखोरीचा नव्हे, व्यापारी व्यवहारांचा आहे.

आता "मानवी हक्क" हा शब्द ताणलेला आहे का? भारताने आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये स्वीकारला. त्याचं दुसरं कलम राज्यावर बंधन घालतं, की हे हक्क हळूहळू पूर्ण करण्यासाठी उपलब्ध साधनांचा कमाल वापर करायचा. साधनं "उपलब्ध" कशी होतात? करातून. जो देश डोळ्यांदेखत होणारी करगळती थांबवत नाही, तो कमाल वापर करतो असं म्हणता येत नाही. हाच धागा संयुक्त राष्ट्रांच्या दारिद्र्यविषयक विशेष दूत मॅग्डालेना सेपुल्वेदा यांनी २०१४ मध्ये मानवी हक्क परिषदेपुढे मांडला. आपल्या न्यायालयांनी तर त्याआधीच पाया घातला होता. १९८० मध्ये रतलाम नगरपालिका म्हणाली, गटारं बांधायला पैसे नाहीत, न्या. कृष्णा अय्यर यांनी ती सबब झिडकारली. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या प्रकरणात, रेल्वेतून पडून जखमी झालेल्या मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी दाखल करून घेतलं नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैशाची चणचण हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पैसे नाहीत ही सबब चालत नसेल, तर ते का नाहीत हा प्रश्नही हक्काचाच प्रश्न होतो. मला यात ताणलेलं काही दिसत नाही.

तुमची शेवटची शंका मात्र खरी आहे. पैसा पोचतो कुठे? पोचतो, पण कमी. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोक खिशातून करत होते. सरकारी खर्चाचा वाटा वाढला आणि २०२१-२२ मध्ये तो आकडा ३९.४ वर आला. तरी सरकारी खर्च त्या वर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. उरलेल्या खर्चासाठी कुणी मंगळसूत्र गहाण टाकतं, कुणी अर्धा एकर विकतं.

भ्रष्टाचारामुळे पैसा मध्येच मुरतो, म्हणून कर चुकवला तर काय बिघडलं, हा युक्तिवाद मी अशिलांकडून शेकडो वेळा ऐकलाय. त्याला माझं उत्तर हिशेबाचंच आहे. ठेकेदार टक्केवारी चेकने देत नाही. त्याला रोख लागते, आणि पांढऱ्याची रोख करायची म्हणजे तीच खोटी बिलं घ्यावी लागतात, भंगाराच्या त्याच फर्मकडून. करचोरीचा आणि लाचेचा नळ एकच आहे. एकाचं कारण सांगून दुसऱ्याचं समर्थन करणाऱ्याने स्वतःच तो उघडा ठेवलेला असतो.

एक सावधगिरी. परदेशात इतके लाख कोटी आहेत, असे मोठमोठे आकडे कुणी फेकले की जपून राहा. काळं धन मुख्यतः नोटांच्या थप्प्यांत असतं, हाही गैरसमज. नोटाबंदीत १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के नोटा बँकांत परत आल्या. ते धन जमिनीत, सोन्यात आणि बिलांत असतं. बँकांपुढच्या रांगेत मात्र रोजंदारीची माणसं उभी होती.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोलायला हवं. खोटी फर्म काढायला, तिचे रिटर्न भरायला कुणीतरी जाणकार लागतोच. मे २०२३ मध्ये अशिलासाठी केलेले काही आर्थिक व्यवहार मनी लाँडरिंग कायद्याखाली आणून आम्हा सीएंवरही जबाबदारी टाकली गेली. पुष्कळ सहकारी नाराज झाले. मला तो निर्णय योग्य वाटतो. करअधिकारी घडवणारी राष्ट्रीय अकादमी आपल्याच छिंदवाडा रोडवर आहे. पण अधिकारी कितीही हुशार निघाला, तरी कागदावर पहिली सही आमच्यापैकी कुणाची तरी असते.

तुम्हाला काही करायचं असेल तर एक सोपं काम देते. जीएसटीच्या पोर्टलवर करदाता शोधण्याच्या जागी पॅनवरून शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशी, गल्लीतला चौकीदार, मेसमधली पोरं, यांच्या परवानगीने त्यांचा पॅन तिथे टाकून पाहा. नोंद सापडली नाही तर उत्तम. सापडली, तर क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा: २७ म्हणजे महाराष्ट्र, ०७ म्हणजे दिल्ली. ज्याने नागपूर कधी सोडलं नाही त्याच्या नावावर ०७ ची फर्म निघाली, तर पानाचा तारखेसह फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी पोलिसांत आणि जीएसटी कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. नोटीस येण्याआधीची ती पोच त्या माणसाच्या किती उपयोगी पडते, ते मी त्या १४ महिन्यांत पाहिलंय. पोळ्या करणाऱ्या बाईंकडे ती नव्हती.